पंख भिजतील म्हणून

पोर्तो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातलं कॅरिबियन बेट. तिथल्या विद्यापीठाच्या रिओ पिएद्रास इथल्या संग्रहालयात भिंतभर एक चित्र आहे. सुमारे आठ फूट उंच, तेरा फूट रुंद. फ्रान्सिस्को ओयेर या चित्रकाराने ते १८९३ मध्ये रंगवलं. खेड्यातलं लाकडी घर, आत माणसांची दाटी. कुणी वाजवतंय, कुणी पितंय, पोरं जमिनीवर धडपडताहेत आणि अख्खं भाजलेलं डुक्कर दांड्यावरून आत आणलं जातंय. पाद्रीबुवांची नजर त्या डुकरावर खिळलेली. मधोमध टेबलावर लेसचं पांढरं कापड, त्यावर फुलं, आणि फुलांत एक गेलेलं तान्हं बाळ. एवढ्या गोंधळात बाळाकडे नीट बघणारा एकच माणूस आहे: काठी टेकून उभा राहिलेला एक काळा म्हातारा.

चित्राचं नाव ‘एल वेलोरियो’, म्हणजे मृताजवळचं रात्रीचं जागरण. तान्ह्या मुलाच्या जागरणाला पोर्तो रिकोत ‘बाकिने’ म्हणत. ओयेरला ही प्रथा मुळीच मान्य नव्हती. अडाणी समजुतीच्या आडून चाललेली खादाडी, असं त्याचं मत, आणि चित्रात तो राग लपत नाही. मला मात्र हे चित्र बघताना दुसरंच काही दिसतं. घर भरलेलं आहे. एक मूल गेलं म्हणून गाव गोळा झालंय.

आज ह्यूस्टन किंवा लॉस एंजेलिसच्या हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी घरी परतणाऱ्या लॅटिनो आईबापांचं दुःख कसं असतं, ते कुठे अडतं, हे समजून घ्यायचं तर या भरलेल्या घरापासून सुरुवात केलेली बरी.

छोटा देवदूत

स्पॅनिशमध्ये ‘आन्हेल’ म्हणजे देवदूत आणि ‘आन्हेलितो’ म्हणजे छोटा देवदूत. बाप्तिस्मा झालेलं मूल कळत्या वयाआधी गेलं तर त्याच्या खाती पाप नसतं, म्हणून ते थेट स्वर्गात जातं, ही कॅथलिक शिकवण. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात लहान मुलांच्या दफनाचा विधी मोठ्यांच्या विधीहून वेगळा दिलेला आहे. पाद्र्याच्या गळ्यातला पट्टा काळा नाही, पांढरा. घंटा वाजवायच्याच असतील तर शोकाच्या सुरात नाही, सणाच्या सुरात वाजवायच्या.

स्पेनमधून ही शिकवण मेक्सिकोपासून चिलीपर्यंत पोचली आणि प्रत्येक मुलखात तिथल्या मातीची झाली. चिलीत रात्रभर गाणारे गायक बोलावत. ते बाळाच्या तोंडून आईचा निरोप घेणारी कडवी म्हणत. मेक्सिकोत बाळाचे धर्मपिता आणि धर्ममाता त्याच्यासाठी संत जोसेफचा किंवा मारियामातेचा पोशाख आणि कागदी फुलांचा मुकुट घेऊन येत. खालिस्को राज्यातल्या आमेका गावी खुआन दे दिओस माचाइन नावाचा छायाचित्रकार होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्याने अशा सजवलेल्या मुलांचे, त्यांच्या आईबापांसह आणि भावंडांसह, कितीतरी फोटो काढले. अनेक घरांत त्या मुलाचा तेवढा एकच फोटो असे.

या सगळ्यात एक ताकीद होती: आईने रडायचं नाही. तिच्या आसवांनी बाळाचे पंख भिजतात, ओल्या पंखांनी त्याला उडता येत नाही आणि ते वाटेतच अडकतं.

पहिल्यांदा ऐकलं की हे निष्ठुर वाटतं. पण ही ताकीद देणारी माणसं सांगून निघून जात नसत. ती तिथेच बसत, स्वयंपाक करत, गात, दुसऱ्या दिवशी छोटी पेटी खांद्यावरून नेत. आईने रडायचं नव्हतं, पण तिला एकटीलाही सोडायचं नव्हतं. स्थलांतर झालं, शहरं आली, बाळंतपण घरातून हॉस्पिटलात गेलं आणि या जोडीतली एक बाजू गळून पडली. वाक्य उरलं, जागरण गेलं. ‘तो आता देवदूत झालाय, रडू नकोस’ असं आजही फोनवर सांगितलं जातं. फोन ठेवला की घरात कुणी नसतं.

आधी काही शब्द, थोडक्यात

अमेरिकेत विसाव्या आठवड्याआधी गर्भ गेला तर त्याला गर्भस्राव म्हणतात, विसाव्या आठवड्यानंतर पोटातच गेला तर मृतजन्म. जागतिक आरोग्य संघटना देशादेशांची तुलना करताना मृतजन्मासाठी अठ्ठाविसावा आठवडा धरते. जिवंत जन्मून पहिल्या २८ दिवसांत बाळ गेलं तर तो नवजात मृत्यू. माहीत झालेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के गर्भस्रावात संपतात. अमेरिकेत वर्षाला सुमारे २१,००० मृतजन्म होतात.

कागदावर या रेषांना फार महत्त्व आहे. बाळाने दोन मिनिटं श्वास घेतला तर त्याला जन्माचा दाखला आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही मिळतात. श्वास घेतलाच नाही तर मिळतो ‘गर्भमृत्यू’चा दाखला. त्यासोबत ‘मृतजन्माचा जन्मदाखला’ वेगळा मागता येईल, असा कायदा २००१ मध्ये आधी ॲरिझोनाने केला आणि मग बहुतेक राज्यांनी केला. विसाव्या आठवड्याआधी गेलेल्या बाळासाठी बहुतेक ठिकाणी काहीच कागद नसतो. आईच्या मनात मात्र विसावा आठवडा अशी रेष कधीच नसते.

आणि लॅटिनो म्हणजे कोण? मूळ लॅटिन अमेरिकेतलं असणारी माणसं. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणवणारे ६ कोटी २० लाखांहून जास्त होते, त्यातले निम्म्याहून अधिक मूळचे मेक्सिकन. पण हा एक समाज नाही. पोर्तो रिकोचा माणूस जन्मतः अमेरिकन नागरिक असतो, तर ग्वाटेमालाहून कागदपत्रांविना आलेली शेतमजूर बाई हॉस्पिटलाचं दार बघूनच घाबरते. दोघांनाही फॉर्मवर एकाच चौकोनात खूण करावी लागते.

आकडेवारीत एक चक्रावून टाकणारी गोष्ट आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत एक वर्षाच्या आतल्या मुलांचा मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे काळ्या समाजात १०.९ होता, गोऱ्यांमध्ये ४.५, हिस्पॅनिकांमध्ये ४.९ च्या आसपास. उत्पन्न कमी, विमा कमी, आणि तरी दर गोऱ्यांच्या जवळ. याला ‘हिस्पॅनिक विरोधाभास’ म्हणतात. एकत्र राहणारी कुटुंबं, कमी धूम्रपान, स्थलांतर करणाऱ्यांची मुळातली बरी तब्येत, अशी कारणं सांगितली जातात. पण पोर्तो रिकन मुलांचा दर मेक्सिकन आणि क्युबन मुलांपेक्षा चढा आहे, आणि अमेरिकेत जन्मलेल्या पुढच्या पिढ्यांत हा फायदा ओसरत जातो. ज्या घरी हे घडलं त्या घराला या सरासरीचा उपयोग शून्य. झाला तर तोटाच होतो: या समाजात हा मोठा प्रश्न नाही, असं वरवर दिसतं आणि लक्ष दुसरीकडे वळतं.

एकाच शब्दात दोन गोष्टी

स्पॅनिशमध्ये बाळंत होणं म्हणजे ‘दार आ लूस’, शब्दशः ‘उजेडाला देणं’. आणि गर्भ जाणं म्हणजे ‘आबोर्तो’. घोळ असा की आपोआप झालेला गर्भस्रावही आबोर्तो आणि जाणूनबुजून केलेला गर्भपातही आबोर्तो. मराठी वाचकाला हा घोळ समजावून सांगायची गरज नाही. आपलाही ‘गर्भपात’ दोन्हीकडे चालतो, म्हणून तर बायका ‘मिसकॅरेज झालं’ आणि ‘अबॉर्शन केलं’ असे दोन इंग्रजी शब्द वापरून ‘झालं’ आणि ‘केलं’ यांत अंतर ठेवतात. लॅटिनो बायका ‘पेर्दिदा’ म्हणतात, म्हणजे हरवणं, गमावणं. ‘तूवे उना पेर्दिदा’, माझं एक गेलं.

डिस्चार्जच्या कागदावर मात्र डॉक्टरी भाषेत आबोर्तोच छापलेलं असतं. जिला मूल हवं होतं, जिने पाळणा आणून ठेवला होता, तिच्या हातात हा कागद येतो. चर्चला जाणाऱ्या घरात तो कुणाच्या नजरेला पडला तर काय वाटेल, या भीतीने तो लपवलाही जातो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यावर टेक्साससारख्या राज्यांत या शब्दाचं ओझं आणखी वाढलं.

काहीजणी ही भीती मायदेशातूनच घेऊन येतात. एल साल्वादोरमध्ये १९९८ पासून गर्भपातावर सरसकट बंदी आहे, आणि तिथे घरी किंवा शौचालयात बाळ गेलेल्या बायकांवर खुनाचे खटले चालले. न्यायालयीन कागदांत ‘मानुएला’ या बदललेल्या नावाने ओळखली जाणारी एक गरीब ग्रामीण बाई २००८ मध्ये रक्तस्राव होत असताना हॉस्पिटलात आली. तिथे तिला खाटेला बेड्यांनी जखडलं आणि पुढे तीस वर्षांची शिक्षा झाली. २०१० मध्ये ती कैदेत असतानाच कर्करोगाने वारली. आंतर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये देशाला दोषी ठरवलं, तेव्हा तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. अशा देशातून आलेली बाई अमेरिकेत गर्भ गेल्यावर नर्सच्या साध्या प्रश्नांना तुटक उत्तरं देत असेल, तर तिला दुःख नाही असा अर्थ काढणं चूक आहे. ती प्रत्येक शब्द तोलून बोलत असते.

चूक कुणाची

बाळ का गेलं याचं उत्तर डॉक्टरांकडे पुष्कळदा नसतं. सुरुवातीच्या महिन्यांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भस्रावांमागे गुणसूत्रांतला बिघाड असतो आणि तो कुणाच्या वागण्याने होत नाही. मृतजन्मांत वार, नाळ, जंतुसंसर्ग, रक्तदाब अशी कारणं सापडतात किंवा काहीच सापडत नाही. ही रिकामी जागा मन स्वतःच भरून काढतं.

मेक्सिकन घरांतली एक समजूत ऐकून आपल्याला ओळखीचं वाटेल. ग्रहणात गरोदर बाईने बाहेर पडू नये. पडायचंच तर पोटाजवळ सेफ्टी पिन लावावी किंवा लाल कापड बांधावं, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. या समजुतीची मुळं स्पॅनिश लोक येण्याआधीच्या आस्तेक काळात सांगतात. इकडे आपल्या आज्याही ग्रहणात सुरी-विळीला हात लावू देत नाहीत, आणि तेही ओठाच्याच भीतीने. दोन समुद्रांच्या दोन टोकांना एकच धाक. त्याशिवाय ‘सुस्तो’, म्हणजे अचानक घेतलेला धसका, आणि ‘कोराखे’, म्हणजे गिळलेला संताप. नवऱ्याशी भांडण झालं होतं, कुत्रं अंगावर आलं होतं, जड बादली उचलली होती. मूल गेल्यावर बाई या सगळ्याची उजळणी करत बसते.

डॉक्टर ‘तुमची काही चूक नाही’ म्हणतात तेव्हा ते औषधांबद्दल आणि पेशींबद्दल बोलत असतात. तिच्या डोक्यात ग्रहण असतं. कुणी थांबून ‘तुम्हाला काय वाटतं, कशामुळे झालं?’ असं विचारलं तरच ते बाहेर येतं, आणि बाहेर आल्याशिवाय त्याला उत्तरही देता येत नाही.

बाप्तिस्म्याचा काटा वेगळाच. बाप्तिस्मा न होता गेलेलं मूल ‘लिंबो’त, स्वर्गाच्या उंबऱ्याबाहेर राहतं, असं अनेक पिढ्यांना शिकवलं गेलं. चर्चने हे कधीच अधिकृत सिद्धांत म्हणून ठरवलेलं नव्हतं. १९८३ च्या चर्च-कायद्याने आईबापांचा बाप्तिस्मा करण्याचा विचार होता अशा मुलांच्या अंत्यविधीला बिशपच्या परवानगीने वाट दिली, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने अशा मुलांच्या मुक्तीची आशा बाळगायला भक्कम आधार आहे असं म्हटलं. पण व्हॅटिकनचा दस्तऐवज आजीपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून काही आया बाळाचा बाप्तिस्मा करायला नर्सकडे घाईघाईने पाणी मागतात.

घरी आल्यावर

बाळंतपणानंतरच्या चाळीस दिवसांना लॅटिन अमेरिकेत ‘क्वारेंतेना’ म्हणतात. आपला सव्वा महिनाच. बाईने गार वारा लागू द्यायचा नाही, डोकं झाकायचं, कोंबडीचं गरम सूप प्यायचं, जड काम करायचं नाही. घरातल्या बायका बाकीचं बघतात. आता बाळच नाही म्हटल्यावर क्वारेंतेना पाळायची का? बहुतेक वेळा ती गुपचूप गळून पडते. शरीराला मात्र बाळ गेल्याचं कळलेलं नसतं. रक्तस्राव चालू राहतो, टाके दुखतात आणि दोन ते चार दिवसांनी दूध येतं. गर्भ सोळा-सतरा आठवड्यांचा असला तरी दूध येऊ शकतं, हे अनेकींना कुणी आधी सांगितलेलंच नसतं. छाती भरून येते आणि पाजायला कुणी नसतं. काही आया हे दूध मिल्क बँकेला देतात. काहींना ते लवकर आटलेलं हवं असतं. दोन्ही वाटा आहेत हे कुणीतरी सांगायला हवं. माझं मत विचाराल तर या बाईला क्वारेंतेना सगळ्यात जास्त हवी, आणि आईने किंवा सासूने सूप आणून दिलं तर सांत्वनाचं अर्धं काम न बोलता होतं.

बोलून मात्र बहुतेकदा बिघडतं. ‘या तेंद्रास ओत्रो’, होईल दुसरं. ‘एरेस होवेन’, अजून वय आहे. ‘दिओस साबे पोर के आसे लास कोसास’, देव करतो त्याला कारण असतं. मराठीत यांतलं एकही वाक्य शोधावं लागत नाही. ही माणसं दुष्ट नसतात. या वाक्यांमागे खरी श्रद्धा असते, आणि अनेक लॅटिनो आईबाप स्वतःही देवाचा आधार घेऊनच तगतात. फरक कोण बोलतंय यात आहे. आई स्वतः म्हणाली की ‘देवाची इच्छा’, तर ती काहीतरी धरून उभी असते. तेच शेजारणीने म्हटलं की दार बंद झाल्यासारखं वाटतं.

बापांचं दुःख याहून आत दडलेलं असतं. स्पॅनिशमध्ये ‘आग्वांतार’ म्हणजे सोसणं, दम धरणं, आणि पुरुषाकडून तेवढंच अपेक्षित. ‘तिच्यासाठी खंबीर राहा’ असं त्याला सगळे सांगतात. ‘तू कसा आहेस’ हे कुणी विचारत नाही. शिवाय बांधकामावर किंवा द्राक्षमळ्यात रोजंदारी करणाऱ्याला सुट्टी म्हणजे बुडालेला रोज. अमेरिकेत खासगी नोकरी करणाऱ्यांना दुःखासाठी रजा देणारा संघराज्याचा कायदाच नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून गर्भ किंवा बाळ गमावणाऱ्या कामगारांना पाच दिवसांपर्यंत रजेचा हक्क दिला, आणि तो बापालाही लागू आहे. पण ती पगारी असेलच असं नाही. मालक रोखीत पैसे देत असेल तर ती मागण्याची हिंमत किती जणांना होईल, हा प्रश्न उरतोच.

‘देसाओगार्से’ हा मला फार आवडलेला स्पॅनिश शब्द. ‘आओगार्से’ म्हणजे बुडणं, गुदमरणं. त्याच्या उलट देसाओगार्से, म्हणजे स्वतःला बुडण्यातून बाहेर काढणं. अर्थ आपल्या ‘मन मोकळं करणं’च्या जवळचा, पण यात श्वास परत येतो. हे बहुधा बहिणीजवळ होतं, ‘कोमाद्रे’जवळ, म्हणजे मुलाच्या धर्ममातेजवळ होतं, नाहीतर ‘प्रोमोतोरा’जवळ. प्रोमोतोरा म्हणजे वस्तीतलीच, आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेली बाई, आपल्या आशाताईंसारखी. मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत जाणं म्हणजे ‘लोका’, वेडी, असा शिक्का बसेल ही धास्ती अजून पुष्कळ आहे. परवडण्याचा प्रश्न आहेच. कागदपत्रं नसलेल्या बाईचं बाळंतपण तातडीच्या सरकारी मदतीतून होऊ शकतं, पण नंतरचं समुपदेशन त्यात सहसा बसत नाही. २०२२ मध्ये मातांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय मोफत फोनसेवा इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत सुरू झाली, ती यातली मोठी सोय.

मधला माणूस

हॉस्पिटलात ‘हृदयाचे ठोके नाहीत’ हे वाक्य कोण बोलतं? डॉक्टर इंग्रजीत बोलतात आणि दुभाषी स्पॅनिशमध्ये सांगतो. म्हणजे आईला तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी एका अनोळखी माणसाकडून, कधी फोनच्या स्पीकरवरून, कळते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना भाषेची सोय करावी लागते. घरातल्या अल्पवयीन मुलांकडून दुभाष्याचं काम करून घ्यायला २०१६ च्या नियमाने मनाई केली, जिवावरचा प्रसंग सोडून. असा नियम करावा लागला, यातच सगळं आलं. दहा-अकरा वर्षांच्या मोठ्या मुलीने आईला ‘बाळ गेलं’ असं सांगायचं.

आणि स्पॅनिशचा दुभाषी मिळाला म्हणजे झालं असंही नाही. कॅलिफोर्निया, ओरेगन, फ्लोरिडाच्या शेतांत मिश्तेक, माम, किचे अशा मेक्सिको-ग्वाटेमालातल्या मूळनिवासींच्या भाषा बोलणारी कुटुंबं आहेत. स्पॅनिश त्यांचीही दुसरीच भाषा. नर्स त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोलते, ती मान डोलावतात, आणि शवविच्छेदनाच्या फॉर्मवर सही होते.

बाळाला बघायचं का, कुशीत घ्यायचं का, हा पुढचा प्रश्न. जुन्या काळी अमेरिकन हॉस्पिटलं मृत बाळ आईला न दाखवताच नेत. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत वारं फिरलं आणि प्रत्येक आईला बाळ हातात घ्यायला सांगू लागले. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात बाळ हातात घेतलेल्या काही आयांना पुढे जास्त त्रास झाल्याचं दिसलं आणि गदारोळ झाला. नंतरच्या अनेक अभ्यासांत, बाळाला बघितलेल्या बहुतेक आईबापांना त्याचा पश्चात्ताप नव्हता. आता सर्वसाधारण धोरण असं: विचारा, काय दिसेल ते आधी सांगा, वेळ द्या, पण ढकलू नका. थंड ठेवणारे छोटे पाळणे आल्यामुळे बाळ काही तास, कधी दिवसभरही, खोलीत राहू शकतं. गावाकडून आजी येणार नसेल, कारण तिला व्हिसा नाही, तर व्हिडिओ कॉलवर ती बाळाचा चेहरा बघू शकते.

फोटोंची गंमत इथे आहे, गंमत हा शब्द इथे चालेल का कोण जाणे. २००५ मध्ये कोलोराडोत सुरू झालेल्या एका संस्थेचे स्वयंसेवक हॉस्पिटलात येऊन गेलेल्या बाळांचे हळुवार फोटो काढतात, आणि याकडे नवी, धाडसी कल्पना म्हणून पाहिलं गेलं. आमेकाच्या माचाइनने तेच काम शंभर वर्षांपूर्वी केलं होतं. मधल्या काळात त्याच मेक्सिकन घरांतल्या नातवंडांना असे फोटो ‘मागासलेले’ वाटू लागले आणि ते ट्रंकेच्या तळाशी गेले. आता नर्स विचारते, ‘फोटो हवेत का?’ तर उत्तर देणारी बाई गोंधळते. हवेत म्हणायला कुठेतरी लाज वाटते.

आजार कधी म्हणायचं

मोठ्याने किंचाळणं, थरथरणं, छातीतून डोक्यात उष्णता चढल्यासारखं वाटणं, कोसळणं. कॅरिबियन स्पॅनिश बोलणाऱ्यांत याला ‘आताके दे नेर्वियोस’ म्हणतात. वाईट बातमीनंतर असं होणं त्या समाजात ओळखीचं आहे, आणि सोबतच्या बायकांना काय करायचं ते ठाऊक असतं: धरून ठेवायचं, कपाळावर हात ठेवायचा, थांबायचं. अनोळखी डॉक्टरला मात्र ते वेडाच्या झटक्यासारखं दिसू शकतं. २०१३ च्या अमेरिकन मनोविकार-सूचीत आताके दे नेर्वियोस आणि सुस्तो यांची संस्कृतीतून येणाऱ्या त्रासांत वेगळी नोंद आहे. त्याच नऊ नावांच्या यादीत आपल्याकडचा ‘धात’ही, म्हणजे वीर्य जाण्याची धास्तीही, आहे.

पाळी परत आली, पोट आत गेलं, सहा महिने झाले, तरी दुःख असतं. बाळाची ठरलेली तारीख येते तेव्हा ते नव्याने वर येतं. हा आजार नाही. झोप-जेवण पार तुटलं, दोषाचा विचार क्षणभरही सुटत नाही, मरावंसं वाटतं, आधीच्या मुलांकडे बघवत नाही, तर मदत तातडीने हवी. २०२२ च्या सुधारित सूचीत ‘लांबलेलं दुःख’ हा विकार आला आणि त्यासाठी मोठ्या माणसांत किमान बारा महिन्यांची अट ठेवली. दरवर्षी मृतांना जेवायला बोलावणाऱ्या समाजात दुःख लांबणं म्हणजे नेमकं काय, हे त्या सूचीतून कळणार नाही. गेलेल्याला सोडून पुढे जाणं म्हणजे बरं होणं, अशी समजूत मानसशास्त्रात बराच काळ होती. १९९० च्या दशकात तिला धक्का बसला, आणि तोही मुख्यतः मूल गमावलेल्या आईबापांचं ऐकून: ती मुलांना सोडत नव्हती, त्यांच्याशी नातं वेगळ्या रीतीने चालू ठेवत होती.

कायदेही हळूहळू तिकडे सरकताहेत, आणि यात लॅटिन अमेरिका अमेरिकेच्या पुढे आहे. चिलीने २०१९ मध्ये मृतजन्मलेल्या बाळांची नावानिशी नोंद करायची ऐच्छिक सोय केली, आणि २०२१ च्या ‘दोमिंगा कायद्या’ने अशा वेळी हॉस्पिटलांनी कसं वागायचं ते बांधून दिलं. अर्जेंटिनाचा ‘जोआना कायदा’ आणि कोलंबियाचा ‘रिकाम्या हातांचा कायदा’ २०२३ चे. यांतली एक मागणी अगदी साधी आहे: बाळ गमावलेल्या आईला इतर बाळंतिणींच्या खोलीत ठेवू नका. शेजारच्या खाटेवर रडणारं बाळ असताना रात्र काढावी लागलेल्या बायकांनी हा मुद्दा लावून धरला.

दुधाचा पेला

मेक्सिकोत मृतांचा दिवस एकच नसतो. २ नोव्हेंबर मोठ्यांचा. १ नोव्हेंबर आन्हेलितोंचा. काही गावांत ३० ऑक्टोबर बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी राखलेला असतो. घरात ‘ओफ्रेंदा’ मांडतात, म्हणजे नैवेद्याची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी: मेणबत्त्या, पाणी, मीठ, फोटो आणि सेंपासूचिलची केशरी फुलं. सेंपासूचिल म्हणजे आपला झेंडू. तो मूळचा मेक्सिकोचाच, आपल्या दसऱ्याच्या तोरणात नंतर आला. मुलांसाठी फुलं पांढरीही असतात, तिखटाऐवजी गोड असतं, छोटी खेळणी आणि दुधाचा पेला असतो. या दिवसात आईला रडायची मनाई नाही.

अमेरिकेत ऑक्टोबर महिना गर्भ आणि बाळ गमावलेल्यांच्या स्मृतीचा म्हणून रेगन यांनी १९८८ मध्ये जाहीर केला, आणि १५ ऑक्टोबरला संध्याकाळी घरोघर मेणबत्त्या लागतात. आन्हेलितोंचा दिवस त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी येतो.

हॉस्पिटलं हल्ली जाताना आईबापांना एक खोका देतात. त्यात पावलांचे ठसे, मनगटाचा पट्टा, लोकरीची टोपी, कधी केसांची बट असते. बरेच जण तो कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतात. काही घरांत तो ऑक्टोबरच्या शेवटी खाली उतरतो. ठशाचं कार्ड पणजोबांच्या फोटोशेजारी झेंडूंमध्ये उभं केलं जातं. पणजोबांसमोर तेकिला, बाळासमोर दूध. मोठी मुलगी विचारते की त्याला पेल्याने पिता येतं का, आणि आजी म्हणते, येतं, आता येतं.